शेऱ्याचा रकाना

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आई अंगणात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. साताऱ्याला इस्पितळात पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले. आई स्ट्रेचरवर, तिच्या उशाशी भाऊ आणि केसपेपर काढायला खिडकीशी मी. आतल्या मुलीनं नाव घेतलं, गाव घेतलं, मग आधार कार्ड मागितलं. जन्मतारीख १ जून १९४७. टाइप करता करता ती म्हणाली, "आज या तिसऱ्या."

"तिसऱ्या कशा?"

"एक जूनच्या. वॉर्डात दोघी आधीच आहेत."

तासाभरानं भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. तरुण, दिवसभराच्या कामानं थकलेल्या, पण बोलणं शांत. त्यांनी कागद पाहिला, आईकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कागदावरचं राहू द्या, खरं वय किती असेल?" मी म्हणाले, एखाद वर्ष इकडेतिकडे. मग त्यांनी आईलाच विचारायला सुरुवात केली. जिना चढता का? धाप लागते का? रात्री उशाला किती उशा लागतात? शेतात जाता का? आईनं कण्हत कण्हत सांगितलं की परवापर्यंत ती भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. हे शरीर उद्याची भूल सोसेल का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. तारखेचा त्यांना उपयोग नव्हता.

आईची ती तारीख आण्णांनी घातलेली. आण्णा म्हणजे माझे वडील, माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर एकतीस वर्षं प्राथमिक शिक्षक. बँकेत खातं काढताना फॉर्मवरचा रकाना मोकळा ठेवता येईना, तेव्हा त्यांनी सवयीनं १ जून लिहिलं. आई म्हणाली होती, "माझा जन्म बेंदराच्या दुसऱ्या दिवशीचा. तुमचा जून तर त्याच्या आधी येतो." आण्णांनी पेन खाली ठेवलं नाही. त्यांची स्वतःची तारीखही १ जूनच होती, त्यांच्या गुरुजींनी घातलेली. म्हणून तर ते ३१ मेला निवृत्त झाले. महाराष्ट्रात दर वर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांतून हार-नारळ घेऊन बाहेर पडणाऱ्यांची जी गर्दी दिसते, तिच्या मागे कुठल्या तरी वस्तीवरचा एखादा गुरुजी आणि त्याचं पेन असतं.

लहानपणी मी त्यांना पट भरताना पाहिलं आहे. जून जवळ आला की ते घरोघर फिरत. "पोराचा जन्म कधीचा?" असं विचारलं की उत्तर तारखेत कधीच येत नसे. काळी म्हैस पहिल्यांदा व्याली त्या साली. बाजरी खळ्यावर आली होती तेव्हा. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे मांडीवर होतं. आण्णांना त्या भागातल्या अशा गोष्टींचं अख्खं पंचांग पाठ होतं, आणि भूकंप आला की त्यांचा चेहरा खुलायचा, कारण ११ डिसेंबर १९६७ ही तारीख पक्की होती. तरीही खात्री नसली तर ते पोराला समोर उभं करत आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि हात आखूड असतो. सहाव्या वर्षाच्या आसपास हात कानापर्यंत पोचतो. मग पुढचे दुधाचे दात पडलेत का ते बघायचं. एवढं झालं की जनरल रजिस्टरात निळ्या शाईनं १ जून आणि एक साल. ते रजिस्टर कायमचं दप्तर. त्यात खाडाखोड करायची तर वरच्या कचेरीची परवानगी लागायची.

म्हणजे आण्णा शरीरावरूनच वय काढत होते. हे माझ्या लक्षात यायला मला पन्नाशी उलटावी लागली, तेही मी पंचवीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलेलं असताना.

लक्षात आलं ते भाच्यामुळे. भाऊ त्रेपन्नच्या घरात, त्याला मधुमेह आहे. भाचा बंगळुरूला असतो. गेल्या पावसाळ्यात त्यानं हौसेनं बापाचं रक्त एका खासगी लॅबला तपासायला दिलं. रक्तातल्या डीएनएवर वयाबरोबर जे रासायनिक बदल होतात, त्यांवरून शरीराचं 'खरं' वय सांगणारी ती तपासणी. रिपोर्टात आलं ५९. खाली लाल अक्षरांत: सहा वर्षं पुढे. भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "ताई, हे कसं मोजतात गं? खरं असतं का?" शिक्षिकेला असा प्रश्न विचारला की ती स्वस्थ बसू शकत नाही. मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता मला सारखं आण्णांचं रजिस्टर दिसायला लागलं.

त्या रजिस्टरात शेवटचा रकाना 'शेरा' असतो. नाव बदलत नाही, जात-धर्म-जन्मतारीख बदलत नाही, पण शेऱ्यात वर्षानुवर्षं काहीबाही चढत जातं. गैरहजर. स्थलांतर. पुन्हा दाखल. डीएनएची अक्षरं चार, आणि जन्मभर ती तशीच राहतात असं धरून चालू. पण त्यातल्या सायटोसिन नावाच्या अक्षराला एक बारीकसा गट चिकटू शकतो: एक कार्बन, तीन हायड्रोजन. त्याला मिथाइल म्हणतात. जिथे सायटोसिनच्या लगेच पुढे ग्वानिन येतं, बहुतेक अशाच जागी तो चिकटतो. माणसाच्या डीएनएत अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत. शेरा पडला म्हणून अक्षर बदलत नाही, पण तो भाग पेशीनं वाचायचा की मिटून ठेवायचा, यावर त्याचा परिणाम होतो. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्याजवळ पोथी एकच, तरी दोघी वेगळी पानं वाचतात, त्यात या शेऱ्यांचा मोठा वाटा आहे.

रक्त तपासतात असं म्हटलं तरी रक्ताचा लाल रंग इथे कामाचा नाही. माणसाच्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसतं, म्हणून डीएनएही नसतो. तो घेतात पांढऱ्या पेशींमधून. मग त्यावर बायसल्फाइट नावाच्या रसायनाची प्रक्रिया करतात. बिनशेऱ्याचं सायटोसिन त्यात बदलून जातं, शेरा असलेलं टिकतं. किती बदललं आणि किती टिकलं हे काचपट्टीएवढ्या चिपवर लाखो जागी एकदम वाचता येतं. एका जागेबद्दल उत्तर हो-नाहीत येत नाही, टक्क्यांत येतं, कारण नमुन्यात असंख्य पेशी असतात आणि कुणावर शेरा असतो, कुणावर नसतो. ईएलओव्हीएल२ नावाच्या जनुकाजवळच्या काही जागा तर अशा आहेत की लहानपणापासून म्हातारपणापर्यंत त्यांचा टक्का चढतच जातो. एवढ्या एका जनुकावरूनही वयाचा बरा अंदाज बांधता येतो.

या सगळ्याचं घड्याळ केलं स्टीव्ह हॉर्वाथ यांनी. जन्म जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा, तेव्हा काम लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, विषय संख्याशास्त्र. ते स्वतः जुळ्यांपैकी एक आहेत. आणि गंमत अशी की पहिला धागा हाती लागला तोही जुळ्यांच्याच थुंकीतून. अभ्यास निराळ्याच प्रश्नावर चालला होता, लैंगिक कल कशानं ठरतो यावर. त्याचं उत्तर आकड्यांत सापडलं नाही, पण वयाची खूण मात्र ठळक उमटली. त्यावरचा निबंध २०११ मध्ये आला. मग त्यांनी जगभरच्या प्रयोगशाळांनी उघड ठेवलेली माहिती गोळा केली. सुमारे ८,००० नमुने, ५१ प्रकारच्या ऊती आणि पेशी. त्यातून ३५३ जागा निवडल्या. १९३ जागांवर वयाबरोबर शेरे वाढतात, १६० जागांवर कमी होतात. प्रत्येकीला कमीअधिक वजन देऊन बेरीज केली की वय निघतं, आणि निम्म्या नमुन्यांत चूक ३.६ वर्षांच्या आत राहते. निबंध पाठवला तेव्हा परीक्षकांनी तो आधी नाकारला. एवढं नेमकं उत्तर त्यांना खरं वाटेना. अखेर २०१३ मध्ये तो छापून आला. त्याच वर्षी सॅन दिएगोच्या ग्रेगरी हॅनम आणि सहकाऱ्यांनी १९ ते १०१ वयाच्या ६५६ जणांच्या रक्तावरून ७१ जागांचं वेगळं घड्याळ मांडलं.

हॉर्वाथ यांच्या घड्याळात मला सर्वांत विलक्षण वाटली ती सुरुवात. गर्भातल्या मूळपेशींचं, म्हणजे ज्यांपासून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते त्यांचं, वय शून्याच्या आसपास येतं. म्हाताऱ्या माणसाच्या कातडीतली पेशी घेऊन प्रयोगशाळेत तिला पुन्हा मूळपेशी बनवलं की तिचंही वय शून्यावर येतं, जणू पाटी पुसली. आणि विसाव्या वर्षापर्यंत हे घड्याळ भरभर चालतं, मग संथ लयीत. लहानपणीचं एक वर्ष आणि पन्नाशीतलं एक वर्ष सारखं नसतं हे आपल्याला मनातून ठाऊक असतं. पेशीतही ते सारखं नाही हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

आणखी एक. ज्यांना दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या गराचं, रोपण केलेलं असतं, त्यांच्या रक्ताचं वय मोजलं तर ते देणाऱ्याचं येतं. रोपणाला कैक वर्षं लोटली तरीही. साठीच्या माणसाच्या अंगात धाकट्या भावाच्या वयाचं रक्त खेळत राहतं. पेशी आपलं वय आपल्याबरोबर घेऊन जाते, नव्या घरातलं वय अंगाला लावून घेत नाही. मग 'माणसाचं' वय कुठे असतं, हा प्रश्न मी भावाला विचारला नाही, तो आधीच घाबरला होता.

त्याला मी ड्युनेडिनबद्दल सांगितलं. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडचं हे शहर. तिथल्या एका प्रसूतिगृहात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या बारा महिन्यांत जन्मलेल्या १,०३७ मुलांना अभ्यासासाठी घेतलं गेलं आणि संशोधक आजतागायत त्यांच्या मागे आहेत. दात, हिरड्या, फुप्फुसं, मूत्रपिंड, रक्तदाब, चालण्याचा वेग, सगळं ठरावीक वर्षांनी. सव्विसाव्या, बत्तिसाव्या, अडतिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या वर्षी घेतलेली १९ मापं एकत्र केली तेव्हा दिसलं की सारे एकाच वेगानं म्हातारे होत नाहीत. कॅलेंडरचं एक वर्ष सरतं तेव्हा कुणाचं शरीर ०.४ वर्ष पुढे सरकतं, कुणाचं जवळजवळ अडीच. मग टेरी मॉफिट, डॅनियल बेल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वेग रक्तातल्या शेऱ्यांवरून ओळखायची रीत काढली. २०२२ मध्ये ती आली. किती वर्षं झाली हे ती सांगत नाही, सध्या किती वेगानं चाललंय ते सांगते.

आणि माझा भाऊ जन्मला जानेवारी १९७३ मध्ये, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. म्हणजे तो त्या १,०३७ मुलांचा नेमका सवंगडी. ती मुलं तिकडे जन्मत होती, तेव्हा आमच्याकडे बाहत्तरचा दुष्काळ चालला होता.

मी तेव्हा तीन वर्षांची. आठवतं ते थोडंच: रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, लाल मिलोच्या चिवट भाकरी, सुकडीचा गोडसर वास. आण्णांचा पगार येत होता, पण दुकानात धान्य नव्हतं आणि विहिरीला पाणी नव्हतं. आई पोटुशी असताना दोन मैलांवरून हंडा आणायची. उपासमार म्हणावी असं आमच्या घरात झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. खडी फोडणाऱ्या बायांतही कितीजणी पोटुशी होत्या.

हे आठवलं कारण हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी रसद तोडली तेव्हा शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला होता. त्या हिवाळ्यात पोटात असलेल्या मुलांचं रक्त साठ वर्षांनी तपासलं. वाढीशी संबंधित असलेल्या एका जनुकावरचे शेरे, त्या उपासमारीतच गर्भ राहिलेल्यांत, त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी होते. हा निष्कर्ष २००८ चा. पुढे २०२४ मध्ये त्याच लोकांच्या रक्तावर ड्युनेडिनची रीत लावून पाहिली, तर त्यांचा वेग जास्त निघाला, विशेषतः बायकांचा. आईच्या पोटातली भूक साठ वर्षं रक्तात टिकते, ही गोष्ट मी वाचली तेव्हा मला त्या रस्त्याकडेच्या रांगा पुन्हा दिसल्या. त्या बायांच्या मुलांचं रक्त कुणी असं पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही. पाहायला हवं, असं मला फार वाटतं. त्यातली पुष्कळ मुलं आज पन्नाशीत आहेत आणि माझ्या भावासारखीच मधुमेहाच्या गोळ्या घेतात. कारण दुष्काळच असेल असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही, पण प्रश्न विचारायचा राहून गेला तर आधार मिळणार तरी कुठून?

भावाच्या रिपोर्टात आणखी एक गोष्ट दडली होती. 'सहा वर्षं पुढे' हे गणित त्यांनी आधारवरच्या तारखेतून केलं होतं. आधारवर तारीख शाळेच्या दाखल्यातली, आणि दाखल्यावर आण्णांनी पोराला वेळेत पहिलीत घालायचं म्हणून लिहिलेली, १ जून १९७२. खऱ्या जन्माच्या साडेसात महिने आधीची. इतक्या महागड्या चिपनं वाचलेल्या उत्तरातून वजा केला गेला तो आमच्या आण्णांचा अंदाज. खऱ्या तारखेनं फरक सहाऐवजी साडेसहा-सातच्या घरात गेला असता. हे मी भावाला सांगितलं नाही. जे सांगितलं ते असं: एकाच रक्ताचे दोन भाग करून दोनदा तपासले, तर गाजलेल्या घड्याळांतसुद्धा उत्तरांत नऊ वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, असं २०२२ मध्ये मॉर्गन लेव्हाइन यांच्या गटानं दाखवलं होतं. ही यंत्राची घरघर कमी करायची पद्धतही त्यांनीच सुचवली. पण कुठली लॅब कुठली पद्धत वापरते हे रिपोर्टात लिहिलेलं नसतं. तेव्हा एका रिपोर्टातल्या सहा वर्षांनी जेवण सोडू नकोस. हजार माणसांचा अभ्यास करताना ज्या मापाचा भरवसा धरता येतो, त्याच मापानं एकट्या माणसाला एका दुपारी तोलून निकाल द्यायचा, हे मला पटत नाही. आणि तो निकाल लाल अक्षरांत द्यायचा हे तर अजिबातच नाही.

घड्याळांचा एक पेच मला बरेच दिवस सुटत नव्हता. ही घड्याळं शिकतात कशावरून? ज्यांची जन्मतारीख ठाऊक आहे अशांच्या रक्तावरून. मग कॅलेंडरशी जेवढं जुळेल तेवढं घड्याळ चांगलं ठरतं. पण अगदी तंतोतंत जुळलं तर ते कॅलेंडरच झालं, शरीराबद्दल ते वेगळं काय सांगणार? २०१९ मध्ये तेरा हजारांहून अधिक नमुन्यांवर हे पडताळून पाहिलं गेलं. घड्याळ जसजसं अचूक होत गेलं तसतसा त्याचा मृत्यूच्या धोक्याशी असलेला संबंध विरत गेला. आपल्या उपयोगाचं असतं ते चुकीतच. म्हणून पुढची घड्याळं तारखेवर न शिकवता आजारांच्या मापांवर आणि मरणाच्या नोंदींवर शिकवली गेली. त्यातल्या एकाचं नाव तिकडच्या यमदूतावरून ठेवलंय, ग्रिमएज. आपल्याकडे घडलं असतं तर चित्रगुप्ताचं नाव मिळालं असतं. सिगारेट किती ओढली हेही ते माणसाला न विचारता रक्तातून ओळखतं. एएचआरआर नावाच्या जनुकावर धुराची खूण इतकी स्पष्ट उमटते की सोडल्यावर ती पुसट व्हायला वर्षं लागतात, आणि फार ओढणाऱ्यांत पूर्ण पुसली जातच नाही. आण्णांनी निवृत्तीनंतर बिडी सोडली होती. त्यांच्या रक्तात ती किती उरली होती कोण जाणे.

आणि तारीख ठाऊक असलेल्यांवरूनच शिकायचं म्हटल्यावर माझी आई त्या नमुन्यात कधी बसलीच नसती. तिच्या वाडीतली तिच्या वयाची कुणीच बसली नसती. या घड्याळांना शिकवणारे बहुतेक नमुने युरोप-अमेरिकेतल्या लोकांचे आहेत. ज्यांच्या वयाची नोंद नाही, वय काढायची गरज त्यांनाच जास्त, आणि घड्याळाची ओळख त्यांच्याशीच सर्वांत कमी.

ही गरज साधी नाही. जर्मनीत २०१९ पासून गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या रक्तावरून वयाचा अंदाज काढायला कायद्यानं परवानगी आहे. आपल्याकडे अल्पवयीन ठरवायचं असेल तर २०१५ च्या बालन्याय कायद्यात क्रम दिला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी किंवा 'वय ठरवण्याची अन्य अद्ययावत वैद्यकीय चाचणी'. उद्या त्या 'अन्य अद्ययावत'मध्ये रक्ताचं घड्याळ येऊन बसायला शब्दांत जागा आहे. तीन-चार वर्षांची चूक साठीतल्या माणसाला काही करणार नाही. पण सतरा की एकोणीस, बालगृह की तुरुंग, अशा उंबऱ्यावर उभ्या असलेल्या पोराला ती पुरेशी आहे.

उंबऱ्यावरची पोरं मी पाहिली आहेत. ऐंशीच्या दशकात एक आई आपल्या मुलाला घेऊन आमच्या ओट्यावर आली होती. फौजेच्या भरतीत तो पाच महिन्यांनी जास्त वयाचा ठरला होता, कागदावर. आमच्या भागातल्या पोरांना फौज हाच एक रस्ता होता. ती म्हणत होती, पोरगं आमच्या तांबड्या गाईच्या वासराएवढं, गुरुजी, तुम्हीच लिवलंय, तुम्हीच बदला. आण्णांनी तिला पाणी दिलं आणि रजिस्टरात हात घालता येत नाही हे तीनदा समजावून सांगितलं. ती गेल्यावर ते संध्याकाळपर्यंत ओट्यावरच बसले होते. त्या मुलाचा हात कानाला पोचला होता, दात पडले होते, त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पुढच्या वर्षांत ते पट भरताना शंका असली की साल नेहमी पोराच्या बाजूनं, कमी वयाचं लिहीत. बाहत्तरनंतर जन्मलेली पोरं शाळेत आली तेव्हा सहा वर्षांची असूनही कितीतरी जणांचे हात कानापर्यंत पोचत नव्हते, हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा त्यांनी कान धरायला लावणं बंदच केलं होतं.

आईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. संध्याकाळी ती शुद्धीवर आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही म्हटलं तरी चालेल. गाल आत गेलेले, डोळे खोल, हाताची कातडी कागदासारखी. एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारी झाली, असं आपण बोलतो ना, तसं. आणि ते बोलणं नुसतं बोलणं नाही, हे मला ठाऊक होतं. २०२३ मध्ये जेसी पोगानिक आणि व्हादिम ग्लादिशेव्ह यांच्या गटानं बरोबर हेच पाहिलं होतं: खुब्याचं हाड मोडून तातडीनं ऑपरेशन करावं लागलेल्या वृद्धांचं रक्त. ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी घड्याळांनी त्यांचं वय वाढलेलं दाखवलं, आणि चार ते सात दिवसांत ते पुन्हा मूळच्या जागी आलं. ठरवून केलेल्या ऑपरेशनात तसं झालं नाही. गरोदरपणातही वय असं चढतं आणि बाळंतपणानंतर उतरतं. कोविडच्या गंभीर आजारातही चढलं होतं. वय मागे फिरतं, हे शाळेत मी एकाही मुलाला शिकवलं नव्हतं.

म्हणून मी ते सात दिवस मोजले. पहिल्या दिवशी ती कुणालाच ओळखत नव्हती, मला तिच्या धाकट्या जावेच्या नावानं हाक मारत होती. दुसऱ्या दिवशी चहा मागितला आणि दोन घोट घेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी भावाला म्हणाली, तुझी गोळी घेतलीस का? चौथ्या दिवशी केस विंचरून मागितले. विंचरताना माझ्या हाताला तिच्या मानेची ऊब लागली, तोवर ती गारच लागत होती. आत पांढऱ्या पेशींवर काय पुसलं जात होतं आणि काय पुन्हा लिहिलं जात होतं, कुणी पाहत नव्हतं. पाहावं असंही मला वाटलं नाही.

सहाव्या दिवशी म्हसवडची मावशी आली, आईची चुलत बहीण. बरोबर भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक जुनं भांडण. दोघींत थोरली कोण, हे आजतागायत ठरलेलं नाही. आई बेंदराची, म्हणजे आषाढातली, मावशी हादग्याची, आश्विनातली. साल एकच असेल तर आई तीन महिन्यांनी थोरली. मावशीचं साल आदलं असेल तर मावशी नऊ महिन्यांनी थोरली. दिवाळीला कुणी कुणाच्या पाया पडायचं, यावरून त्या आठ दशकं एकमेकींना वाकू देत नाहीत.

बंगळुरूहून आलेला भाचा तिथेच होता. तो उत्साहानं म्हणाला, "आजी, आता रक्तावरून कळतं वय. तुमचं दोघींचं बघू या."

मावशीनं विचारलं, "त्यात हादगा कळंल का?"

"तसं नाही कळत. तीन-चार वर्षं मागंपुढं होतं."

"आरं बाबा, आमचं भांडण तीन म्हयन्यांचं हाय."

त्या दिवशी आईला वॉकरला धरून पहिल्यांदा उभं केलं. फिजिओथेरपीची मुलगी एका बाजूला, मी दुसऱ्या. चार पावलं दारापर्यंत, चार परत. मावशी खाटेवर बसून होती आणि तिचं चालूच होतं. गांधी गेल्यानंतरच्या जळिताचं. वाडीत धूर दिसला तशी सगळी बायकापोरं रानात पळाली. एका पोरीला पाटीत घालून डोक्यावर नेलं होतं. ती पोर चार महिन्यांची असली तर मावशी, सात महिन्यांची असली तर आई. पळताना ज्यांनी पाहिलं त्यांतली आता कुणीच उरलेली नाही.

"पाटीत तूच हुतीस," मावशी म्हणाली. "मी माझ्या पायानं पळत गेलती."

आई तिसऱ्या पावलावर थांबली. वॉकरच्या दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती. तिनं दोनदा श्वास घेतला, मान न वळवता म्हणाली, "न्हाय. पाटीत तू. मी आईच्या कडंवर हुते." आणि चौथं पाऊल टाकलं.